मंगळवारची आरती आणि गेलेली लाईन

म्हाताऱ्याचे ओठ जांभळे पडले होते. नाकातली नळी जागच्या जागी होती, पण तिच्यातून काही येत नव्हतं. खाटेजवळची ऑक्सिजनची मशीन, जी एरवी चोवीस तास घरघर करून माझं डोकं उठवते, ती मेल्यासारखी गप्प होती. इन्व्हर्टरने शेवटची शिटी मारून मान टाकली होती. नवतपा चालू होता, मे अखेरचे ते आग ओकणारे नऊ दिवस, त्यात भर दुपार, आणि मी पेपराची घडी करून त्याला वारा घालत होते. ज्याला हवा पुरत नाही त्याला तीच हवा जोरात ढकलून काय होणार? पण अशा वेळी हात रिकामे राहत नाहीत.

"अजी, डोळे उघडे ठेवा," मी म्हटलं.

"उघडेच... हायेत," तो म्हणाला. "तुहं थोबाड... पाहून राहिलो. अजून... काय... पाहू?"

म्हणजे शुद्धीवर होता.

माझा नवरा कन्हानकडच्या कोळशाच्या खाणीत उतरायचा. जन्मभर त्याने जो कोळसा काढला तो वीज बनवायला गेला, आणि जी धूळ उरली ती त्याच्या छातीत जाऊन बसली. म्हातारपणी डॉक्टरांनी त्याला मशीन लावून दिली, ती चालते विजेवर. ही जुळवाजुळव कोणी केली मला माहीत नाही, पण करणाऱ्याला थट्टा कळते.

आम्ही कन्हान सोडून मुलाकडे राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली. गांधीबागच्या मागची गल्ली, खालच्या मजल्यावर तीन खोल्या. मुलगा ठोक कापडाच्या दुकानात आहे. सून इंजिनीयर आहे. शहरात जागोजागी विजेची उपकेंद्रं असतात, म्हणजे जाळीच्या कुंपणातले ते गुणगुणणारे डबे आणि खांब, त्या सगळ्यांची बटणं आता एका खोलीतून कंप्युटरवर दाबतात. त्या खोलीत ती बसते. घरात विजेचा माणूस आहे म्हणून गल्लीत आमचा मान मोठा. लाईन गेली की लोक आमच्या दारात येऊन विचारतात, "काकू, कधी येते?" जशी काही मीच पदराला बांधून ठेवली आहे.

त्या दिवशी लाईन नेहमीसारखी गेली नव्हती. नेहमीची लाईन गेली की गेली, माणूस शिवी देतो आणि कामाला लागतो. ही सकाळी गेली, आली, परत गेली, परत आली, जसं एखादं कार्टं बटणाशी खेळून राहिलं आहे. मग गेली ती आलीच नाही. इन्व्हर्टर बसल्यावर मुलाने लहान सिलिंडर लावून दिला आणि दुसरा आणायला स्कूटर घेऊन निघाला. निघताना म्हणाला, "आई, अर्ध्या तासात येतो." सिलिंडर भरायचं यंत्रही विजेवरच चालतं हे त्याला दुकानापुढे जाऊन कळलं. परत येताना चौकातले सिग्नल बंद, चारी बाजूंनी गाड्या एकमेकींच्या पोटात शिरलेल्या, आणि माझा सुपुत्र मधोमध, हॉर्न वाजवत.

इकडे लहान सिलिंडर संपला. गल्लीतले लोक ओट्यावर बसून एकमेकांना माहिती देत होते. एक म्हणाला ट्रान्सफॉर्मर उडाला. दुसरा म्हणाला लोड वाढला, कूलर फार झाले. तिसऱ्याच्या भाच्याने मोबाईलवर काही वाचलं होतं, तो म्हणाला, "हा बाहेरच्या देशाचा हल्ला हाय. नागपूर देशाच्या बरोबर मधात हाय ना, म्हणून पहिले नागपूर." देशाच्या मधोमध असल्याचा आम्हाला इतका अभिमान, की बॉम्ब दुसऱ्या गावावर पडला तरी आम्हाला अपमान वाटेल.

फोन लागत नव्हता. लागला तेव्हा सुनेच्या मागे माणसं ओरडत होती.

"आई, लवकर बोला."

"तुह्या सासऱ्याचे ओठ जांभळे पडले. आपल्या गल्लीची लाईन पहिले लाव."

तिने मागच्या कोणाला तरी 'थांबा' म्हटलं. 

"नाही लावू शकत, आई."

"काहून नाही? बटण तुह्याच हातात हाय ना?"

"बटणानं काही होऊन नाही राहिलं. आम्ही लाईन लावतो, ते परत काढते. कंप्युटरमध्ये कोणीतरी घुसलं आहे. मी त्याच्या ताराच उपटून टाकल्या. आता माणसं जागोजागी जाऊन हातानं लावून राहिले. पहिले दवाखाने, मग पाण्याची टाकी. आपली गल्ली मागं आहे."

"आन् हा मेला तं?"

"मोठ्या दवाखान्याची लाईन आत्ताच लागली. बाबांना तिथं न्या. वाट पाहत बसू नका, आई. न्या."

आणि ठेवला फोन. त्यानंतर मी तिला जे म्हटलं ते तिने ऐकलं नाही, आणि छापायच्या लायकीचंही नव्हतं.

न्या म्हणणं सोपं असतं. ॲम्ब्युलन्सचा नंबर लागत नव्हता, आणि लागला असता तरी आमच्या गल्लीत ती शिरत नाही. ऑटोवाले चौकात अडकलेले. बाहेर सावलीला एक ठेलेवाला टेकला होता, ठेल्यावर कापडाच्या गाठी.

"ए भाऊ, गाठी उतरव."

"माजी, सेठ का माल है. दुकान पे छोड़ना है."

"तुझा सेठ जित्ता हाय ना? हा मरून राहिला. उतरव."

त्याने खिडकीतून आत पाहिलं, म्हाताऱ्याचं तोंड पाहिलं आणि गाठी आमच्या ओट्यावर टाकायला लागला. ओट्यावरचे दोन-चार विजेचे जाणकार उठले, त्यांनीही हात लावला. एक गाठ तशीच राहू दिली, टेकायला. तिला टेकवून म्हाताऱ्याला बसवलं, ओला दुपट्टा डोक्यावर टाकला, आणि मी ठेल्याचा दांडा धरून बाजूने चालायला लागले.

म्हाताऱ्याने मान वळवून ठेलेवाल्याला विचारलं, "माल... कुठी... उतरवाचा... हाय?"

"चुप बैठो दादाजी," ठेलेवाला म्हणाला.

बाजारातून जाताना लोक बाजूला झाले. ठेल्यावर रेललेला म्हातारा, डोक्यावर कपडा, बाजूला म्हातारी. लोकांनी काय समजायचं ते समजले. एका दुकानदाराने गादीवरून उठून हात जोडले. दुसऱ्याने चप्पल काढली.

"अजून जित्ता हाय!" मी ओरडले. "हात जोडू नका, बाजूला व्हा!"

हात जोडणारे जागचे हलले नाहीत. अर्धवट जोडलेले हात कसे सोडायचे याचा त्यांना प्रश्न पडला असावा. चौकात मुलगा भेटला. तो स्कूटर तिथेच टाकून धावत आला आणि दुसऱ्या बाजूने ठेला ढकलायला लागला. त्यालाही बाप गेल्यासारखाच दिसला असणार, तो रडत होता. मी म्हटलं, "रडाले वेळ नाही, ढकल."

दवाखान्याच्या दारात पंखा फिरत होता. मी आयुष्यात देवळाचा कळस पाहून हात जोडले नसतील तसे त्या पंख्याला जोडले. आत भिंतीतून नळी निघते, तिच्यातून ऑक्सिजन येतो. ती त्याच्या नाकाला लावली. ओठांचा रंग उतरायला बराच वेळ लागला. शेवटी तो म्हणाला, "पाणी दे वं," सलग, एका दमात. तेव्हा मी खाली फरशीवर बसले.

आता ही गोष्ट कशाने झाली ते सांगते. मी चौथी शिकलेली, पारशिवनीजवळच्या खेड्यातल्या शाळेत. मला कंप्युटरमधलं कळत नाही. पण सुनेने मला ते बरेच दिवस, बऱ्याच वेळा सांगितलं. ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं, सगळ्यांना टीव्ही पाहायचा होता. टीव्हीवर एक तज्ज्ञ बसवला होता. त्याच्या मागे हिरवे आकडे पावसासारखे पडत होते आणि तो सांगत होता की नागरिकांनी घाबरून जाऊ नये. हे त्याने ज्यांची लाईन आली होती त्यांनाच सांगितलं, बाकीच्यांचा टीव्ही बंद होता.

सून सांगायची तेव्हा आम्ही गच्चीवर कुरोड्या टाकत होतो. त्या उन्हात दुसरं करायचं काय? गव्हाचा चीक शिजवायचा, गरम गरम सोऱ्यात भरायचा, दाबायचा. सोऱ्या म्हणजे ते पितळेचं भांडं, खाली भोकांची चकती, वरून दाबायला दांडा. चकती बदलली की त्याच भांड्यातून शेव निघते, चकली निघते, कुरोडी निघते.

मी विचारलं, "त्या कंप्युटरात जे शिरलं ते नेमकं होतं काय? कीडा होता का चोर होता?"

तिने हातातल्या सोऱ्याकडे पाहिलं. "हे होतं," ती म्हणाली. "भांडं एक, चकत्या बहुत. एक चकती दार उघडाची. एक गुपचूप बसून पाहाची, की कोणतं बटण कुठल्या भागाचं. एक बटणं बंद कराची. अन् शेवटची सगळं पुसून टाकाची, म्हणजे कंप्युटर परत सुरूच नाही झाला पाहिजे."

"मंग तुमच्या त्या बटणांनी कसं ऐकलं? अनोळखी माणसाचं?"

"त्यांना ओळख कुठी असते, आई. त्यांची एक भाषा आहे, 'बंद हो', 'चालू हो'. त्या भाषेत कोणीही बोललं की ते ऐकतात. कोण बोलून राहिलं ते विचारत नाहीत."

"म्हणजे आपल्या गल्लीतले लोक."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

आता ते भांडं आत गेलं कसं? हेच मला सगळ्यात जास्त आवडलं. बाहेरच्यांनी केलेला हल्ला म्हणून लोक छाती पुढे काढून बोलत होते, पण दार आमच्याच माणसांनी उघडलं होतं, तेही हळदीकुंकू लावून.

त्या खोलीतला कंप्युटर बाहेरच्या कशाला जोडायचाच नाही असा नियम आहे. इंटरनेट नाही, काही नाही. पेनड्राइव्ह लावायची भोकं सुनेने स्वतः चिकटपट्टी लावून, वर सही करून बंद केली होती. मग आला दसरा. दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो, सुतार करवतीची करतो, ड्रायव्हर गाडीची करतो. यांनी कंप्युटरची केली. पडद्याला हार घातला, माउसला कुंकू लावलं. इथवर माझी तक्रार नाही. पण मोठ्या साहेबांना आरती हवी होती, आणि मोबाईलवरची आरती मागच्या रांगेत ऐकू जात नव्हती. त्या कंप्युटरला मात्र दणदणीत स्पीकर जोडलेला होता. लाईनमध्ये बिघाड झाला की त्यातून भोंगा वाजतो.

साहेबांनी आरत्यांचा पेनड्राइव्ह खिशातूनच काढला. सून मध्ये पडली.

"सर, इथं नका लावू. ते सील आहे."

"मॅडम," साहेब म्हणाले, "देवाच्या कामात अडथळा आणू नका."

कोणीतरी नखाने चिकटपट्टी काढली. पेनड्राइव्ह लावायच्या आधी त्यालाही कुंकू लावलं. आरती फार छान झाली म्हणे, भोंग्याच्या स्पीकरवर टाळ अगदी कानात वाजत होते. इतकी छान झाली की साहेबांनी दर मंगळवारी ठेवली. म्हणाले, वातावरण प्रसन्न राहतं.

त्यातली मेख अशी. साहेबांच्या घरच्या लॅपटॉपवर आधी एक ईमेल आला होता, तुमच्या बढतीचा आदेश सोबत जोडला आहे म्हणून. साहेबांनी तो दोन्ही हातांनी उघडला. आत बढती नव्हती, ते रिकामं भांडं होतं. आरत्या त्याच लॅपटॉपवरून पेनड्राइव्हमध्ये भरलेल्या. म्हणून दर मंगळवारी देवाच्या मागे लपून एकेक चकती आत जायची, आणि परत जाताना आतली खबर बाहेर घेऊन जायची, कोणतं बटण कुठलं, कोण कधी बसतं. खोलीला बाहेरचा रस्ता नव्हता, तो साहेबांनी खिशातून आणून दिला. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. ते आत बसून होतं, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखं, कुठल्या खिळ्याला कुठली किल्ली टांगली आहे ते बघत. नवतप्यात उठलं. ज्यांनी पाठवलं त्यांना नागपूरचा उन्हाळा माहीत होता, एवढं मात्र मानलं पाहिजे.

मी देव मानते. पण देवाला पेनड्राइव्ह लागत नाही. माझ्या आईने जन्मभर बेसुऱ्या आवाजात आरती केली, तिच्या आरतीने कोणाच्या घरचा दिवा विझला नाही.

त्या सकाळी त्या खोलीत काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. पडद्यावर एकेक भाग बंद होताना दिसला तेव्हा तिथे बसलेला माणूस शेजारच्यावर ओरडला, "माउस सोड ना गा!" शेजारी म्हणाला, "मी चहा पिऊन राहिलो, बयताड!" मग दोघांनी मिळून साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "बंद करून चालू करा." चालू झालाच नाही, शेवटच्या चकतीने तोवर पुसायला घेतलं होतं. सुनेने परवानगी न विचारता भिंतीतल्या तारा उपटल्या आणि एकेका उपकेंद्राला फोन लावत सुटली, "किल्ली रिमोटवरून लोकलवर फिरवा, आता इथलं कोणाचंच ऐकू नका, माझंही नाही." प्रत्येक डब्यावर अशी एक किल्ली असते. ती फिरवली की तो डबा दुरून आलेला हुकूम ऐकत नाही, समोर उभ्या माणसाच्या हातानेच चालतो. काही ठिकाणी किल्ली फिरली. काही ठिकाणी ती कोणी कधी फिरवलीच नव्हती, गंजली होती, तिथे हातोडी लागली.

"यावर औषध काय?" मी तिला विचारलं होतं.

"औषध कंटाळवाणं आहे, आई. बाहेरची वस्तू आत न्यायची तं पहिले दाराबाहेरच्या वेगळ्या कंप्युटरवर तपासून न्यायची. आतल्या कंप्युटरनं ओळखीचंच काम करायचं, नवीन काही आलं की नाही म्हणायचं. बटणाला हुकूम देणारा कोण ते बटणानं विचारायचं. सगळ्याची एक चांगली प्रत कुलपात, कशाले न जोडता ठेवायची. अन् अधूनमधून सगळ्यांनी हातानं लाईन लावून पाहायची, सवय राहिली पाहिजे."

"एवढंच?"

"एवढंच. पण याचं उद्घाटन नाही करता येत ना. फीत कुठं कापाची?"

चौकशी झाली. पत्रकात आलं की तांत्रिक बिघाड झाला होता. त्या पत्रकात साहेबांचं नाव नव्हतं, आरतीचंही नव्हतं. सुनेला मात्र विचारणा आली, परवानगीशिवाय तारा का उपटल्या म्हणून. तिने उत्तर लिहिलं, फाडलं, परत लिहिलं. साहेबांची पुढे बढती झाली, या वेळेस खरीखुरी. तो आदेश त्यांनी ईमेलवर उघडला की कागदावर, ते मला माहीत नाही. मंगळवारची आरती आता मोबाईलवर होते आणि मागच्या रांगेत ऐकू जात नाही, अशी तक्रार आहे.

शेवटची कुरोडी टाकून झाल्यावर मी हात धुतले आणि जे इतके दिवस विचारायचं होतं ते विचारलं.

"खरं सांग. आपली गल्ली पहिले लावता आली असती का?"

तिने पातेल्याच्या बुडाशी चिकटलेला चीक खरवडायला घेतला. "आली असती," ती म्हणाली. "माणूस एकच होता त्या बाजूले. त्याले आपल्या गल्लीकडे पाठवलं असतं तं लाईन आली असती."

"मंग?"

"मंग दवाखान्याची मागं राहिली असती. तिथं भिंतीच्या नळीवर बहुत लोक होते. जनरेटर बंद पडायच्या बेतात होता." मग म्हणाली, "मी फोन ठेवला अन् पाच मिनिटं बाथरूममध्ये जाऊन रडली. मंग परत आली."

"बाबाले सांगितलं?"

"त्यांनी विचारलं तवा सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, खाणीतही असंच असते. जिथं जास्त माणसं अडकले तिथं पहिले."

मी तिला बरं केलंस म्हटलं नाही. वाईट केलंस असंही म्हटलं नाही. माझा नवरा मरत होता आणि ती मोजत होती, आणि तिचं मोजणं बरोबर होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि एकमेकींशी बोलत नाहीत. मी म्हटलं, "पातेलं पाण्यात भिजत टाक, नाही तं निघाचं नाही."

म्हातारा त्या दुपारी वाचला, आणि अजून आहे. आम्ही दवाखान्यात असताना दुसऱ्या पेठेतून एका बाईला ऑटोतून आणलं, तीही घरी अशाच मशीनवर होती, माझ्याच वयाची असेल. ऑटो चौकात फार वेळ अडकला होता. ती वाचली नाही.